रा. रा. माइल्सराव यांस अनावृत पत्र

श्री. रा. रा. माइल्सराव यांस,
सा. न. वि. वि.

तुमचा पत्ता काही सापडेना. नवऱ्याच्या फोनमध्ये तुम्ही असता, त्याच्या पाकिटातल्या निळ्या कार्डात असता, महिनाअखेरीच्या बिलात असता आणि गेली काही वर्षं आमच्या जेवणाच्या टेबलावरही असता. पण नेमके राहता कुठे, हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून अनावृत पत्र. तुमचं तरी कुठे काही झाकलेलं असतं म्हणा! सगळं त्या अटी-शर्तींमध्ये लिहिलेलंच असतं, वाचणाऱ्याचे डोळे शाबूत हवेत, एवढंच.

आधी अभिनंदन स्वीकारावं. एडिसनहून पुण्याला जायचं तर कुठल्या विमान कंपनीने जावं, हा आमच्या न्यू जर्सीतल्या मराठी घरांना छळणारा प्रश्न तुम्ही निकालात काढलात. पूर्वी लोक उगाच डोकं शिणवायचे. थांबा कुठे, किती तासांचा, मुंबईत मध्यरात्री उतरणार की उजाडल्यावर, बॅगा दोन की एक, बरोबर म्हातारं माणूस आहे की मांडीवरचं पोर, आणि मधलं विमान चुकलं तर निस्तरणार कोण. आता आमच्याकडे एकच विचारायचं असतं: "यात माइल्स मिळतात का?" न्यूयॉर्ककडून मुंबईला थेट विमान असतं. बसायचं, दोनदा जेवायचं, पाय आखडेपर्यंत झोपायचं आणि उतरायचं. पण ते पडलं दुसऱ्या गोटातलं. म्हणून आमच्याकडचे गृहस्थ भारतात जायला आधी पश्चिमेला शिकागोला जातात, तिथून युरोपात, तिथून मुंबईला. डिसेंबर उजाडला की त्यांना आणखी एक उमाळा येतो. वरच्या श्रेणीचं 'स्टेटस' टिकवायला थोडं कमी पडतंय म्हणून कुठेतरी जाऊन त्याच दिवशी परत यायचं. काम काही नाही, विमानतळाबाहेर पाऊलसुद्धा नाही. पंढरीची वारी करणारा निदान कळसाचं दर्शन तरी घेतो.

तुमचा जन्मही योग्य मुहूर्तावरचा. 1978 मध्ये अमेरिकन सरकारने विमानभाड्यांवरचं नियंत्रण उठवलं. कंपन्या एकमेकींचे दर पाडू लागल्या आणि गिऱ्हाईक जिथे स्वस्त तिथे जाऊ लागलं. बाजारात गिऱ्हाइकाने असंच वागायचं असतं, पण कंपन्यांना ते सोसवेना. 1981 च्या मे महिन्यात अमेरिकन एअरलाइन्सने तुम्हाला पुढे आणलं, काही दिवसांतच युनायटेडनेही आणलं. जितके मैल उडाल तितके मैल खात्यात, पुरेसे साठले की एक तिकीट आमच्याकडून. हिशेब सरळ होता, आणि आमच्यासारख्या पृथ्वीला अर्धा वळसा घालून माहेरी जाणाऱ्यांना तर तो फारच मानवला. नेवार्क ते मुंबई सुमारे 7,800 मैल. जाऊन-येऊन साडेपंधरा हजार मैल, तेही इकॉनॉमीच्या तिकिटावर. काही खेपा झाल्या की एक तिकीट सुटायचं. त्या काळात कुणी तुमच्या नादी लागलं असेल तर त्याला मी नावं ठेवणार नाही.

मग 2015 उजाडलं. जानेवारीत डेल्टाने आणि मार्चमध्ये युनायटेडने मैल मोजायचं सोडून डॉलर मोजायला घेतले. पुढच्या वर्षी अमेरिकननेही तेच केलं. साध्या सदस्याला तेव्हा मूळ भाड्याच्या दर डॉलरमागे 5. म्हणजे मुंबईच्या हजार डॉलरच्या भाड्यावर 5,000, जिथे आधी साडेपंधरा हजार पडत होते. उलट कंपनीच्या पैशाने न्यूयॉर्क–शिकागो मारणारा टाय-कोटवाला आयत्या वेळच्या महाग तिकिटावर दोन-तीन तासांत भरघोस कमावून जातो. सबंध अमेरिकेत या बदलाने सर्वांत जास्त कुणाला झोडपलं असेल, तर लांबच्या पल्ल्याचं स्वस्त तिकीट काढणाऱ्यांना. म्हणजे आशियावाल्यांना. म्हणजे गुडघ्यांना इलॅस्टिकचे पट्टे बांधून 43 ई मध्ये बसलेल्या आमच्या आयांना. तुम्ही मात्र नाव बदललं नाहीत, माइल्सरावच राहिलात. मी असते तर लाजेखातर तरी डॉलरराव झाले असते.

त्याच सुमारास दरपत्रकही उतरवलंत. अमुक मैलांत युरोप, तमुक मैलांत भारत, असा एक तक्ता असायचा. डेल्टाने तो 2015 मध्ये काढला, युनायटेडने 2019 च्या अखेरीस. आता आज विचारलं तर एक आकडा, उद्या विचारलं तर दुसरा, आणि शाळेला नाताळची सुट्टी लागली की असा काही आकडा की वाटावं, विमानच विकत घेतोय. ज्या खाणावळीच्या भिंतीवर भाव लिहिलेला नसतो तिथे आपण राइस प्लेटसुद्धा मागवत नाही. इथे आपण वर्ष-वर्ष आगाऊ पैसे भरून बसलोय आणि पुन्हा मेंबर असल्याचा अभिमान! त्यातून चुकून जागा मिळालीच तर 'फुकट' तिकिटावर कर आणि इंधन अधिभार म्हणून काही कंपन्या शेकडो डॉलर लावतात. सिंगापूर एअरलाइन्स आणि एमिरेट्सकडचे तुमचे भाऊबंद तर 3 वर्षांत वापरले नाहीत तर मरतात. अल्पायुषी असले तरी एका अर्थी प्रामाणिक म्हणायचे. मृत्यूची तारीख आधी सांगतात.

तुम्ही म्हणाल, बाई, तक्रार असेल तर रीतसर करा. तेही झालेलं आहे. मिनेसोटातले रब्बी गिन्सबर्ग नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचे वरच्या दर्जाचे सदस्य होते. 2008 मध्ये कंपनीने त्यांचं सदस्यत्व काढून घेतलं. का, तर तक्रारी फार करतात. ते कोर्टात गेले. म्हणणं एवढंच, की कराराच्या मागे काही सद्भाव असायला हवा. प्रकरण थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 2014 मध्ये सगळ्या न्यायमूर्तींनी एकमताने कंपनीच्या बाजूने कौल दिला. भाड्यांवरचं नियंत्रण उठवणाऱ्या 1978 च्या त्याच कायद्यापुढे सद्भावाचा असा दावा टिकत नाही, म्हणाले. थोडक्यात, गिऱ्हाइकाने निष्ठा ठेवायची, कंपनीने सद्भाव ठेवलाच पाहिजे असं काही नाही. आमच्या आळीतल्या भिशीलासुद्धा याहून कडक नियम असतात.

बरं, तुमची खरी पत कळली ती कोरोनात. विमानं जमिनीवर, विमानतळ ओस, आणि कंपन्यांना कर्ज हवं होतं. गहाण काय टाकलं? तुम्हाला! 2020 च्या जूनमध्ये युनायटेडने तुम्हाला तारण ठेवून 6.8 अब्ज डॉलर उभे करायचं जाहीर केलं. तेव्हा तुमची किंमत धरली होती सुमारे 22 अब्ज. त्या वेळी शेअरबाजारात अख्ख्या कंपनीचं मोल त्याच्या आसपाससुद्धा नव्हतं. पाठोपाठ डेल्टाने 9 अब्ज उचलले, पुढच्या वर्षी अमेरिकनने 10. डेल्टाला क्रेडिट कार्डवाली अमेरिकन एक्स्प्रेस 2024 मध्ये 7 अब्ज डॉलरच्या वर देऊन गेली, तीही तुमच्याच पायी. आता कळलं, आमच्याकडे किराणा, पेट्रोल आणि मुलीच्या भरतनाट्यमची फी त्या एकाच निळ्या कार्डावर का जाते ते. कंपनीचा खरा धंदा तुम्हाला छापून बँकांना विकण्याचा, आणि विमान उडवणं हा त्याला लागणारा जोडधंदा. मग आमच्या गुडघ्यांची आणि जेवणाची फिकीर कशाला कोण करेल?

आता एक प्रसंग सांगते. कंपनीचं नाव घेत नाही, तुम्हाला ते ठाऊकच आहे.

आईला इकडे आणायचं होतं. वय बहात्तर, इंग्रजी वाचता येतं पण समोरच्याने भराभर बोललं की गडबडते. आमच्याकडच्या गृहस्थांनी माइल्सवर तिकीट काढलं आणि एखादं गाव जिंकल्यासारखं जाहीर केलं. मुंबईहून युरोप एका कंपनीचं विमान, पुढे शिकागोपर्यंत दुसरीचं, तिथून नेवार्क तिसरं. माइल्स एकीचे, विमानं दुसऱ्यांची. शाकाहारी जेवण ज्या कंपनीकडे नोंदवलं होतं तिने ते पुढच्या कंपनीला कळवलंच नाही. अटलांटिकवर आईपुढे चिकन आलं. तिने ते झाकण लावून परत ठेवलं आणि पिशवीतल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. शेजारचा जर्मन मुलगा चटणी बघत होता, त्यालाही अर्धी दशमी दिली, असं ती नंतर मोठ्या कौतुकाने सांगत होती. इथपर्यंत ठीक.

पण अमेरिकेत पहिल्यांदा जिथे उतरता तिथेच इमिग्रेशन, तिथेच सामान पट्ट्यावरून उचलायचं, कस्टम्समधून न्यायचं आणि पुन्हा चढवायला द्यायचं, हे बहात्तराव्या वर्षी एकटीने करायचं असतं हे तुमच्या त्या ॲपवर कुठेही लिहिलेलं नाही. तिथे नुसतं लिहिलं होतं, 'शिकागो, 1 तास 50 मिनिटं'. व्हीलचेअर ढकलणारा भला माणूस होता, पण बॅगा दोन. दोन्हींना मी सांगितल्याप्रमाणे लाल रिबन बांधलेल्या, दोन्ही हुकच्या काट्यावर तोलून 22.8 किलोच्या, आणि त्यातली एक येईचना. गोडा मसाला आणि भाजणी असलेली बॅग सोडून पुढे जाईल ती माझी आई नव्हे. विमान गेलं. पुढची कथा काउंटरवर. या कंपनीची बाई म्हणते, तिकीट आमचं नाही, ज्यांनी दिलं त्यांना विचारा. ज्यांनी दिलं ते फोनवर म्हणतात, उशीर आमच्या विमानामुळे नाही झाला. तिसरी कंपनी म्हणते, आमच्याकडे या प्रवासी आल्याच नाहीत. तिघी एकाच युतीतल्या. जाहिरातीत तिघींच्या हवाई सुंदऱ्या हातात हात घालून उभ्या असतात. आई रात्री उशिरा घरी पोचली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना तिने जावयाला विचारलं, "यात आपले किती पैसे वाचले हो?" जावयाने प्रांजळपणे सांगितलं, पैसे नाही, मैल वापरले. "मग ते मैल संपले ना आता?" आईच्या आवाजात खरी आशा होती.

युत्यांचं निघालंच आहे तर तेही सांगून टाकते. स्टार अलायन्स 1997 ची, वनवर्ल्ड 1999 ची, स्कायटीम 2000 ची. आम्ही महाराष्ट्रातली माणसं, युत्या-आघाड्या आम्हाला नव्या नाहीत. नेवार्कहून दिल्ली-मुंबईला थेट नेणारी कॉन्टिनेन्टल 2009 मध्ये स्कायटीममधून उठून स्टारमध्ये गेली. स्कँडिनेव्हियाची एसएएस तर स्टारच्या पाच संस्थापकांपैकी, तीही 2024 मध्ये सामान आवरून स्कायटीममध्ये! विस्तारा एअर इंडियात विलीन झाली आणि तिच्या गुणांची मोजणी तिकडच्या वहीत गेली. पक्ष फोडणाऱ्यांना मोकळीक, फक्त मतदाराने मात्र कार्ड बदलायचं नाही.

आणि आकाश काय तुमच्या कार्डाकडे बघून उघडं राहतं? 2022 मध्ये रशियाने आपलं आकाश अमेरिकन विमानांना बंद केलं आणि युनायटेडला सॅन फ्रान्सिस्को–दिल्ली थांबवावं लागलं. एअर इंडियाला रशियावरून जाता येत होतं, म्हणून तिचं थेट विमान चालू राहिलं. पुढच्या वर्षी जूनमध्ये तिचंच दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान इंजिनाच्या तक्रारीमुळे सैबेरियाच्या पार पूर्वेला मगादानला उतरलं आणि 216 प्रवासी तिथे अडकून पडले. 2025 च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना वाट बंद केली, तेव्हा अमेरिकेला जाणारी एअर इंडिया व्हिएन्नाला इंधन भरायला थांबू लागली आणि सप्टेंबरपासून दिल्ली–वॉशिंग्टन बंदच झालं. या रस्त्यावर वर्षातून दोन-तीनदा जाणाऱ्याने आधी नकाशा बघायचा असतो. कुणाचं विमान कुणाच्या डोक्यावरून जाऊ शकतं, आणि वाट वळली तर तेवढा वेळ खुर्चीत कसा काढायचा. तुम्ही आमच्या लोकांना नकाशाऐवजी पासबुक बघायला शिकवलंत.

सुदैवाने सगळेच तुमच्या भजनी लागलेले नाहीत. माझी नणंद बे एरियात असते, तिची कंबर दुखते. ती पश्चिमेकडून, पॅसिफिकवरून जाते आणि आधी खुर्च्या बघते. बहुतेक कंपन्या बोइंग 787 मध्ये एका रांगेत नऊ माणसं बसवतात, जपान एअरलाइन्स आठ, दोन-चार-दोन. नवरा-बायको खिडकीकडच्या दोन जागा घेतात आणि रात्री उठताना कुणा तिसऱ्याची माफी मागत नाहीत. ती म्हणते, एवढ्यासाठी टोकियोत थांबायला माझी हरकत नाही. खालच्या मजल्यावरचा एक पोरगा एच-1बी वर आहे. त्याचा व्हिसाचा शिक्का संपलेला, भारतात जाऊन नवा घ्यायचा. त्याला लंडनमार्गे स्वस्त मिळत होतं, पण वैध अमेरिकन व्हिसा हातात नसला की तिथे नुसतं विमान बदलायलाही सहसा ट्रान्झिट व्हिसा लागतो. तो दोहावरून गेला. आमच्या मंडळातल्या एक मावशी हट्टाने अबू धाबीमार्गेच येतात. तिथे 2014 पासून अमेरिकेचं इमिग्रेशन विमानात चढण्याआधीच उरकतं. जागरणाने डोळे चुरचुरत असताना जेएफकेच्या रांगेत उभं राहावं लागत नाही, इकडे उतरलं की चालायला लागायचं. आणि हिशेबी लोक युरोपातल्या कंपनीचं एकच अखंड तिकीट घेतात, कारण मधलं विमान चुकलं तर पुढच्या विमानात बसवायची जबाबदारी तिचीच असते. प्रत्येकाची कंपनी वेगळी, आणि प्रत्येकाचं बरोबर. नणंदेची कंबर आणि खालच्या पोराचा शिक्का, दोन्ही तुमच्या ॲपला दिसत नाहीत, यात ॲपचा काय दोष!

मुंबईची आणखी एक गंमत तुम्हाला सांगायला हवी, कारण तुम्ही कधी तिथे उतरला नसाल. अमेरिकेकडची पुष्कळशी विमानं आडवेळी येतात. पुण्याच्या माणसाला त्यानंतर गाडीने घाट चढायचा असतो. तेव्हा पहाटे दोनला उतरून द्रुतगती महामार्गावर पेंगणाऱ्या ड्रायव्हरशी गप्पा मारत बसायचं, की चार पैसे जास्त देऊन सकाळी उतरायचं, हा आमच्यासाठी सीटच्या रुंदीहून मोठा प्रश्न. यावर तुमच्याकडे एकही चौकट नाही, ज्यावर टिचकी मारता येईल. 'सर्वोत्तम', 'सर्वांत स्वस्त', 'सर्वांत जलद' अशा तीन चौकटी आहेत. 'ड्रायव्हर जागा असताना' अशी चौथी काढा, माइल्स न देताही गर्दी होईल.

तरी तुमच्याबद्दल मनात राग नाही असं म्हणायची पद्धत आहे. माझ्या मनात आहे. थोडाथोडका नाही. पण तुमचा हेवाही वाटतो. तुम्ही रोज थोडे हलके होता, तरी माणसं तुम्हाला जपून ठेवतात. आमच्याकडे एवढी निष्ठा फक्त सासूबाईंच्या पितळी डब्यांना मिळाली आहे, आणि त्यांचं वजन कमी झालेलं नाही.

कळावे, लोभ नसला तरी चालेल.

आपली,
(पुढच्या श्रेणीला अजून बरीच लांब असलेली) एक साधी सदस्य

ता. क. आईचं परतीचं तिकीट मी काल काढलं. थेट मुंबई, दोन बॅगा, जेवण शाकाहारी, व्हीलचेअर दोन्हीकडे, सगळं एकाच कंपनीकडे. भरताना सदस्य क्रमांकाचा रकाना आला, तो रिकामा सोडला. तेव्हापासून घरात एकच घोशा चालू आहे: "अगं, निदान आईंना मेंबर तरी करून टाकू. फुकट असतं!"